मागील अर्जावरून पुढे चालू

आमच्या सर्व्हरवर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे दर शनिवारी सकाळी मी ठरवत असे. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र मला त्याचा चांगलाच तोरा होता.

तीनेक वर्षांपूर्वी मी सोशल मीडियाच्या मोठ्या साइट सोडल्या. गुपचूप नाही सोडल्या. जाताना लांबलचक निरोपाची पोस्ट लिहिली, कंपन्या आपल्याला कशा विकून खातात ते सगळ्यांना सुनावलं, आणि जिथे चालले होते त्या नव्या जागेचं नाव खाली दिलं. ही नवी जागा कुणा एका कंपनीची नव्हती. छोटे छोटे शेकडो सर्व्हर, म्हणजे जणू स्वतंत्र साइटच, प्रत्येकाचे चालक वेगळे, नियम वेगळे, पण एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. सगळ्यांचा मिळून मालक कुणीच नाही. मला हे फारच पटलं. तिथेच भेटलेल्या चार मराठी माणसांबरोबर मी एक मराठी सर्व्हर सुरू केला. नोकरीत मी अंधेरीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे नवे अर्ज तपासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

अर्ज असा फार मोठा नव्हता. एक टोपणनाव घ्यायचं, ईमेल द्यायचा, नियम मान्य आहेत म्हणून खूण करायची आणि एका चौकटीत 'इथे का यायचंय?' याचं उत्तर लिहायचं. आम्ही मान्य केल्याशिवाय कोणाला आत येता येत नसे, आणि आतलं लिखाण आम्ही जोडून घेतलेले काही सर्व्हर सोडले तर बाहेर कोणाला दिसत नसे. टोळक्याने येऊन शिवीगाळ करणाऱ्यांचा एकदा त्रास झाला होता, म्हणून आम्ही दार लावून घेतलं होतं.

लोक तक्रार करायचे की हे सगळं प्रकरण नव्या माणसाला कळत नाही. एवढ्या सर्व्हरमधून निवडायचा कोणता? आपली माणसं शोधायची कशी? पहिल्याच पायरीवर डोकं फिरतं, असं कोणी ना कोणी दर आठवड्याला लिहायचं. अशा लोकांचा मला राग यायचा. एकदा मी रागाच्या भरात लिहून टाकलं, 'गोंधळ वगैरे काही नसतो. ज्याला खरंच यायचंय तो रस्ता शोधून येतो. ज्यांना सगळं आयतं लागतं त्यांनी जुन्या जागीच सुखात राहावं.' त्या पोस्टला खूप शाबासकी मिळाली. पुण्याचा आमचा सहचालक म्हणाला, "एकदम झकास ठोकलंस गं." मी दिवसभर खुशीत होते.

माझे वडील निवृत्त कारकून आहेत. आईसोबत मुलुंडला राहतात. आमचं मूळ गाव परभणीकडचं, आणि आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारे पप्पा पहिले. त्यांच्यासाठी अर्ज हा नुसता कागद कधीच नव्हता. मी लहान असल्यापासून दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की ते व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे आणि वस्तीतल्या लोकांना अर्ज लिहून द्यायचे. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, नळाचं कनेक्शन, विधवेची पेन्शन, काय असेल ते. कागद डावीकडून दुमडून समास पाडायचा, 'विषय' या शब्दाखाली पट्टीने रेघ मारायची, कार्बन घालून प्रत काढायची. कोणी म्हणालं की अमका साहेब माझ्या ओळखीचा आहे, तसं लिहा, तर पप्पा पेन खाली ठेवायचे. "ओळख लिहायची नाही. अर्ज आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे." एका बैठकीत वीस-पंचवीस अर्ज व्हायचे आणि शेवटच्या माणसाचं म्हणणंही ते पहिल्यासारखंच पूर्ण ऐकून घ्यायचे.

मी मात्र त्यांच्याशी कधी धड बोलले नाही. भांडण असं काही नाही. माझं लग्न मोडलं, मी मरोळला एकटी राहायला लागले, आणि घरच्यांशी बोलणं टाळायला लागले. फोनवर 'हो', 'बरं', 'जेवले', 'ठेवते' याच्या पुढे मी जात नसे. लिहायला मात्र मला काही वाटायचं नाही. जुन्या साइटवर मी रोज काहीबाही लिहायचे. ऑफिसच्या कँटीनमधली उसळ, खिडकीतली तुळस, कोणाशी झालेली बाचाबाची. पप्पा ते रोज सकाळी वाचतात हे मला एकदा फारच विचित्र रीतीने कळलं. पाठ धरलीय असं मी कुठेतरी दोन ओळीत लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आई शेकायची पिशवी घेऊन थेट मरोळला हजर. मी पिशवी ठेवून घेतली, पण आईला म्हणाले, "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता का?"

मी साइट सोडल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी जेवताना पप्पांनी विचारलं, "आता कुठे लिहितेस तू?"

मी सांगितलं. सर्व्हर म्हणजे काय, ते वेगवेगळे कसे, सगळं घाईघाईत.

"मग त्यातला कोणता निवडायचा?"

"कोणताही. सगळे एकमेकांना जोडलेले असतात."

"सगळे सारखेच असतील तर निवडायचा कशाला?"

"सारखे नसतात हो पप्पा. नियम वेगळे असतात ना."

त्यांनी घास हातात धरून जरा विचार केला. "म्हणजे प्रत्येक इमारतीचं रजिस्टर वेगळं, वॉचमन वेगळा. पण पोस्टमन सगळीकडे जातो."

इतक्या सोप्या शब्दांत हे मला कधी कोणाला सांगता आलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष फोनमध्ये होतं. "तसंच काहीतरी," मी म्हणाले. "पण तुम्हाला नाही जमणार ते. राहू द्या." आणि वर उपदेशही केला, की कुठे काही भरलंत तरी खरं नाव देऊ नका, कोणाचंच नाव देऊ नका, हल्ली फार फसवतात. पप्पांनी मान डोलावली.

त्यानंतर वर्षभराने, एका शनिवारी सकाळी मी चहा घेऊन अर्जांची यादी उघडली. यादीत प्रत्येक अर्जाची फक्त पहिली ओळ दिसते. बाकीचं वाचायचं तर त्यावर दाबावं लागतं. सगळ्यात वर एक ओळ होती : 'मागील अर्जावरून पुढे चालू.' टोपणनाव 'अर्जदार २'. त्याच्या खाली 'अर्जदार १'. मला हसू फुटलं. मी खालचा उघडला.

'प्रति, मा. व्यवस्थापक महोदय यांसी. विषय : सदस्यत्व मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सेवानिवृत्त कर्मचारी असून त्यास वाचनाची आवड आहे. अर्जदाराने आपली नियमावली संपूर्ण वाचली असून नियम क्रमांक एक ते नऊ त्यास मान्य आहेत. नियम क्रमांक सहा मधील भाषेबाबतच्या अटीचे अर्जदार काटेकोर पालन करील. सदस्यत्व मागण्याचे कारण पुढीलप्रमाणे'

इथे अर्ज संपला होता. चौकटीत ठराविकच अक्षरं मावायची, आणि अर्ध्याहून अधिक 'सविनय' आणि 'अनुसरून' यातच गेली होती.

मी यादीतल्या त्या दोन ओळींचा आणि उघडलेल्या अर्जाचा फोटो काढून चालकांच्या ग्रुपवर टाकला. "तहसील कचेरीतून अर्ज आलाय रे."

"सोबत दाखल्यांच्या सत्यप्रती जोडल्यात का बघ," पुण्याचा म्हणाला.

"एकाच नावाचे दोन? यार, हा बॉट असणार," दुसऱ्या एका चालकाने लिहिलं.

मला तो बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप अर्ज भरणारा प्रोग्राम, वाटला का? खरं सांगायचं तर नाही. बॉट 'नियम क्रमांक सहा' वाचत नाही. पण हसण्याच्या ओघात मी दोन्ही नामंजूर करून टाकले. वरचा, 'पुढे चालू' वाला, मी उघडलासुद्धा नाही. अर्जदाराला आमचं ठरलेलं वाक्य गेलं, 'तुमचा अर्ज मंजूर झालेला नाही.' ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

तेवढ्यावरही मी थांबले नाही. टोपणनावावर काळी पट्टी मारून ते चित्र मी माझ्या पानावर टाकलं आणि वर लिहिलं, 'आता याला जावक क्रमांक घालून उत्तर द्यावं म्हणते.' लोक तुटून पडले. प्रत्येकजण सरकारी मराठीत उत्तरं लिहायला लागला. मीही प्रत्येकाला तशीच उत्तरं देत बसले, 'आपला अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे', 'उद्या या'. माझी नक्कल इतकी हुबेहूब होती की लोक विचारायला लागले, तुला हे इतकं कसं जमतं? मी सांगितलं नाही. आमच्या घरात अर्ज लिहिले जायचे, माझे वडील विहाराच्या व्हरांड्यात बसायचे, हे त्या लोकांना मी कधीच सांगितलं नव्हतं. ते सगळे ज्या घरांतून आले होते तिथे अर्ज लिहून घ्यायला कोणाकडे जावं लागत नसे, आणि मीही त्यांच्यातलीच आहे असं त्यांना वाटत होतं. मला ते तसंच राहायला हवं होतं.

तो अर्ज मी ओळखायला हवा होता, असं कोणी म्हणेल. अशा भाषेत लिहिणारी हजारो माणसं आहेत, असं मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले. पण तो वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. वाटलं होतं, आणि मी त्यावर हसले. ते चित्र खूप गाजलं म्हणून मी ते माझ्या पानावर सगळ्यात वर टाचून ठेवलं.

दोन महिन्यांनी मी मुलुंडला गेले. रविवारची दुपार होती, आई ओट्याशी भाकऱ्या करत होती. पप्पांनी निळी प्लास्टिकची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

"एक मसुदा बघायचाय तुला. तू त्या विषयातली आहेस म्हणून विचारतो. काय चुकलं तेवढं सांग."

फाइलमध्ये सगळ्यात वर एक यादी होती. पप्पांच्या गोल अक्षरात चौदा सर्व्हरची नावं, आणि प्रत्येकापुढे शेरा. 'जर्मन भाषा.' 'फक्त चित्रकारांसाठी.' 'नोंदणी बंद.' 'प्रवेश मिळाला, परंतु इच्छित व्यक्तीचे लेखन तेथून दिसत नाही.' शेवटचं नाव आमचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं, 'हाच.' त्याखाली आमचे नऊ नियम शाईने उतरवून काढले होते. आणि त्याखाली दोन पानी अर्ज, डाव्या बाजूला दुमडून पाडलेल्या समासाचा.

पहिली ओळ वाचली आणि माझी कानशिलं तापली. मी मान वर केली नाही. मी दुसरं पान वाचायला घेतलं.

'मागील अर्जावरून पुढे चालू. अर्जदाराची कन्या सदर ठिकाणी लेखन करते. पूर्वी ती अन्यत्र लिहीत असे व अर्जदार आणि त्याची पत्नी ते रोज वाचत असत. कन्या कमी बोलणारी असल्याने तिची खुशाली लेखनावरूनच समजत असे. गेले चौदा महिने ती समजलेली नाही. अर्जदार तेथे स्वतः काही लिहिणार नाही व कोणासही त्रास देणार नाही. केवळ वाचण्यापुरती परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'

"जागा संपली म्हणून पुरवणी जोडली," पप्पा म्हणाले. "त्यासाठी दुसरं नाव, दुसरा ईमेल काढावा लागला. त्यात काही नियमभंग झाला का?"

"नाही."

"कारण दिलेलं नाही त्यांनी. कारण दिलं असतं तर दुरुस्त करून दिला असता."

चौदा ठिकाणं तपासून, नियम हाताने उतरवून, ते माणूस अगदी बरोबर दारापाशी येऊन पोचलं होतं. त्यांचा कुठेच गोंधळ झाला नव्हता. दारात मी बसले होते, एवढंच.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज माझाच मला चिडका वाटला.

"तू तिथली. तुला सांगून आत जायचं म्हणजे वशिला झाला." मग म्हणाले, "आणि तू म्हणालीस ना, जमणार नाही. म्हटलं बघू तरी."

ओट्यावरचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. आईला सगळं ठाऊक असणार, कदाचित दुसऱ्या पानातली 'पत्नी' तिनेच घालायला लावली असेल. मी फाइल मिटली.

"पप्पा, ते अर्ज मी बघते. मीच नामंजूर केले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फाइलकडे पाहिलं. "वाचला होतास?"

"पहिला वाचला. दुसरा उघडला नाही."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही उलटून काहीतरी बोलले असते आणि मोकळी झाले असते.

"रोज किती येतात?" त्यांनी विचारलं.

"आठवड्याला पंधरा-वीस."

"एकटीच बघतेस?"

"हो."

"मग होतं असं." त्यांनी मान हलवली. "नोकरी सांभाळून करायचं म्हणजे. पुरवणी सुटते कधीकधी. आमच्याकडेही सुटायची."

त्यांच्याकडे कधी पुरवणी सुटली नसेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी म्हणाले, "हो, गडबडीत सुटली." त्यांनी माझ्यासाठी एक सबब शोधून दिली आणि मी ती हात पुढे करून घेतली. ग्रुपवरचं हसणं, चित्र, जावक क्रमांक, यातलं काही मी बोलले नाही. अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं, आणि गिळलेलं अर्धं जास्त वाईट होतं.

पप्पांचा चेहरा मात्र मोकळा झाला. मसुद्यात चूक नव्हती, हे कळल्यानेच असेल. त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"बरं, मग अर्जाचं राहू दे. आता तू इथेच आहेस तर तुझ्याच फोनवर दाखव. काय लिहितेस तिथे?"

फोन माझ्या मांडीवर होता. पान उघडलं की पहिल्याच जागी त्यांचा अर्ज होता, माझ्या विनोदासकट, आणि खाली शेदीडशे माणसांचं हसणं.

"बॅटरी गेलीय," मी म्हणाले.

ते उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांचा चार्जर घेऊन आले, टीव्हीमागच्या प्लगला लावला आणि वायर माझ्यापर्यंत पुरते का ते ओढून पाहिलं. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि पिन बसवली. पडदा उजळला. एकसष्ट टक्के.

पप्पांनी आकडा वाचला. अक्षरं बारीक असली की ते ओठ हलवून वाचतात, तसाच तो वाचला. मग फोन पालथा करून टेबलावर ठेवला.

"जेवून घे आधी," ते म्हणाले. "भाकरी गार होतेय."

परतताना रिक्षात बसल्या बसल्या मी ते चित्र काढून टाकलं. पण आपण काढलं म्हणून ते सगळीकडून जात नाही. इतर सर्व्हरवर त्याच्या प्रती राहतात, आणि त्याखाली लोकांनी दिलेली उत्तरं, त्यांना मी दिलेली उत्तरं, ती तिथेच असतात. त्यातली माझी किती मी शोधून काढली, किती राहिली, मला सांगता येणार नाही. अर्ज बघायचं काम मी पुण्याच्या त्या सहचालकाकडे दिलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, वेळ होत नाही.

याला आता वर्ष होत आलं. पप्पांनी पुन्हा विषय काढलेला नाही. 'अर्जदार १' आणि 'अर्जदार २' अजून आमच्या नामंजूर यादीत आहेत, आणि मंजूर करायला एक बटण दाबावं लागतं. मी कितीदा तिथपर्यंत जाते. पण आत आले की पप्पा पहिल्यापासून वाचायला घेतील, एकही ओळ न सोडता, आणि मी अजून ते बटण दाबलेलं नाही.